तेहतीस मिलिसेकंदांचा प्रश्न

उत्तर अमेरिकेतील विलिस्टन खोऱ्यात, मुख्यतः नॉर्थ डकोटा आणि माँटॅना या राज्यांच्या जमिनीखाली, बाक्केन नावाचा थरसमूह आहे. १९९५ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने त्यातून तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोगे तेल सुमारे १५ कोटी १० लाख बॅरल असल्याचा अंदाज दिला. २००८ मध्ये त्याच खात्याचा आकडा ३६५ कोटी बॅरलवर गेला, आणि २०१३ मध्ये खालचा थ्री फोर्क्स थर धरून ७४० कोटींवर. २०१४ च्या वसंतात नॉर्थ डकोटाचे दैनिक उत्पादन दहा लाख बॅरलच्या पुढे सरकले. मधल्या काळात खडक बदलला नव्हता आणि त्यात नवे तेलही मुरले नव्हते. आडव्या विहिरी आणि दाबाने खडक फोडण्याचे तंत्र यांच्यामुळे पूर्वी हिशेबातही न धरलेले तेल हिशेबात आले. अशा खडकात ‘किती तेल आहे’ हा प्रश्न तुलनेने सोपा असतो. ‘त्यातले किती हलेल’ हा प्रश्न मात्र कोट्यवधी डॉलरचा असतो, आणि विहिरीत सोडलेल्या उपकरणांपैकी त्याच्या उत्तराच्या सर्वांत जवळ जाणारे उपकरण म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचा, अर्थात एनएमआरचा लॉग (लॉग म्हणजे विहिरीत खोलीगणिक घेतलेल्या मापनांचा आलेख). या पुस्तकाचा तो विषय. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे: घट्ट खडकात हा लॉग अपरिहार्य आहे, पण हलणारे आणि अडकलेले द्रव यांच्यातली सीमारेषा त्या-त्या खडकावर नव्याने आखली तरच. दुसऱ्या खडकाची रेषा उसनी आणली की हाच लॉग सर्वांत आत्मविश्वासाने चुकीचे उत्तर देतो.

घट्ट किंवा ‘टाइट’ खडक म्हणजे काय, याची सरकारी व्याख्या अमेरिकेत १९७० च्या दशकाअखेर वायूच्या किमतीतील सवलतींसाठी ठरली: भूगर्भातील मूळ स्थितीत ०.१ मिलिडार्सी किंवा त्याहून कमी पार्यता, म्हणजे द्रव वाहू देण्याची क्षमता. सवलतीसाठी आखलेली मर्यादा पुढे भूवैज्ञानिकांची व्याख्या होऊन बसली, हेही गमतीचेच. पारंपरिक चांगल्या वालुकाश्मात पार्यता शेकडो मिलिडार्सी असते. म्हणजे फरक हजारो पटींचा आहे. सच्छिद्रतेतला फरक मात्र तेवढा मोठा नसतो. चांगल्या वालुकाश्मात वीस-पंचवीस टक्के, तर घट्ट खडकात बहुधा दहा टक्क्यांच्या आत. म्हणजे छिद्रांचे एकूण आकारमान तीन-चार पटींनी घटले, पण त्यांच्यातून द्रव वाहण्याची क्षमता हजारो पटींनी घसरली. या विषमतेचे कारण छिद्रांच्या संख्येत शोधून सापडत नाही. ते त्यांच्या आकारात, आणि त्याहूनही त्यांना जोडणाऱ्या गळ्यांच्या रुंदीत आहे. फिलिप नेल्सन यांनी २००९ मध्ये केलेल्या संकलनानुसार पारंपरिक साठ्यांतील छिद्रगळ्यांचा व्यास साधारणतः दोन मायक्रॉनच्या वर असतो, घट्ट वायुवालुकाश्मांत तो दोन ते ०.०३ मायक्रॉन आणि शेलमध्ये ०.१ ते ०.००५ मायक्रॉन. हे आकडे ध्यानात ठेवावेत, कारण पुढचा सगळा वाद त्यांच्याभोवती फिरतो.

जुने लॉग इथे का कमी पडतात, हे एका उदाहरणाने पाहू. घनतेच्या लॉगवरून सच्छिद्रता काढायची तर खडकाच्या घन कणांची घनता गृहीत धरावी लागते. क्वार्ट्झसाठी २.६५, कॅल्साइटसाठी २.७१, डोलोमाइटसाठी २.८७. समजा, कणांची खरी घनता २.७१ आहे, छिद्रांत १.० घनतेचा द्रव आहे आणि आपण मात्र वाळूचा खडक समजून २.६५ धरली. सच्छिद्रता २५ टक्के असेल तर खडकाची एकूण घनता २.२८ येते आणि आपले उत्तर २२.३ टक्के. चूक आहे, पण चालून जाण्याजोगी. आता सच्छिद्रता ६ टक्के धरा. एकूण घनता २.६१ आणि उत्तर २.६ टक्के! निम्म्याहून अधिक साठा कागदावरून नाहीसा झाला, आणि तोही फक्त ०.०६ च्या गृहीतकापायी. मधल्या बाक्केनमध्ये क्वार्ट्झ, कॅल्साइट आणि डोलोमाइट यांचे प्रमाण हातभर अंतरावरही बदलते. तिथे एकच आकडा धरून चालणे म्हणजे दर फुटाला जुगार.

विद्युत रोधकतेच्या लॉगचीही तीच गत. अल्सासमधील पेशेलब्रॉन इथे श्लुम्बर्जे बंधूंनी १९२७ मध्ये पहिला विद्युत लॉग काढला, आणि १९४२ मध्ये गस आर्ची यांनी रोधकता, सच्छिद्रता आणि पाण्याचे प्रमाण यांना जोडणारे सूत्र दिले. ते सूत्र स्वच्छ, मोकळ्या वालुकाश्मांवर घडलेले. त्यात सच्छिद्रतेला लागणारा घातांक ‘एम’ सवयीने २ धरला जातो. सच्छिद्रता ६ टक्के असताना हा घातांक २ ऐवजी १.८ निघाला तर ६० टक्के वाटलेले पाणी ४५ टक्क्यांवर येते. एकच आलेख, एकच विहीर. पण एका उत्तराने विहीर सोडून द्यावीशी वाटेल आणि दुसऱ्याने खडक फोडणाऱ्या पथकाला बोलवावेसे वाटेल. बाक्केनच्या पाण्यात लिटरमागे तीनशे ग्रॅमच्या आसपास क्षार असतात, समुद्राच्या पाण्यापेक्षा आठपटींहून जास्त. इतके खारट पाणी थोडेसे जरी असले तरी रोधकता खाली खेचते, आणि तेल असलेला थरही पाण्याचा भासतो. मध्ये पायराइट आले की गोंधळ आणखी वाढतो.

एनएमआर लॉगची वाट वेगळी आहे. हायड्रोजनच्या अणुकेंद्रातील प्रोटॉन हा इवल्याशा फिरत्या चुंबकासारखा वागतो. १९४६ मध्ये स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख आणि हार्वर्डला एडवर्ड पर्सेल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अशा केंद्रांना योग्य वारंवारतेची रेडिओ लहर दिली की ती प्रतिसाद देतात. १९५२ चे भौतिकीचे नोबेल त्यांना यासाठीच मिळाले. तेलविहिरीत हे वापरण्याची कल्पना लगेच पुढे आली, पण पहिली उपकरणे पृथ्वीच्याच चुंबकीय क्षेत्रावर विसंबून होती. त्या क्षीण क्षेत्रात प्रोटॉन सुमारे दोन किलोहर्ट्झने डोलतात आणि त्यांचा संदेश फार दुबळा असतो. शिवाय खोदताना विहिरीत भरलेल्या ‘मड’ नावाच्या द्रवातील पाण्याचा संदेश खडकाच्या संदेशाला गिळून टाकत असे, म्हणून मडमध्ये मॅग्नेटाइटची पूड कालवून तो मारावा लागे. खोदकाम करणाऱ्यांना हा उपद्व्याप कधीच आवडला नाही. उपकरण ऐकायला तयार होईपर्यंत पहिले वीस-तीस मिलिसेकंद निघून जात, आणि तेवढ्यात लहान छिद्रांतला सगळा संदेश विरून गेलेला असे. वाट बदलली ती १९७० च्या दशकाअखेर लॉस अलामॉस इथे जॅस्पर जॅक्सन यांनी मांडलेल्या उलट्या रचनेने. इस्पितळात रोगी चुंबकाच्या पोटात जातो. इथे चुंबक विहिरीच्या पोटात जातो आणि क्षेत्र बाहेर, खडकात टाकतो. न्यूमार कंपनीने १९८० च्या दशकात या कल्पनेला उपकरणाचे रूप दिले, आणि १९९० च्या दशकात ती व्यापारी लॉगिंगमध्ये स्थिरावली. पुढे हॅलिबर्टनने ती कंपनी विकत घेतली आणि श्लुम्बर्जेने आपले स्वतंत्र उपकरण बाजारात आणले.

मोजले काय जाते? चुंबक प्रोटॉनांना एका दिशेत आणतो, रेडिओ लहर त्यांना आडवे पाडते, आणि मग ते एकमेकांपासून विलग होत विस्कटतात. ठरावीक अंतराने उलट लहरी दिल्या की विस्कटलेले प्रोटॉन पुन्हा एका तालात येतात आणि एक ‘एको’ ऐकू येतो. १९५० मध्ये अर्विन हान यांना सापडलेली ही गोष्ट कार आणि पर्सेल (१९५४) व माइबूम आणि गिल (१९५८) यांनी लहरींच्या मालिकेत बसवली, आणि आजही विहिरीत तीच मालिका चालते. एकोंची मालिका मागे, अगदी सुरुवातीच्या क्षणापर्यंत नेऊन ठेवली की मिळणारी उंची म्हणजे द्रवातील एकूण हायड्रोजन, म्हणजेच सच्छिद्रता. घन कणांत अडकलेल्या हायड्रोजनचा संदेश काही दशांश मिलिसेकंदही टिकत नाही, म्हणून उपकरणाला तो दिसतच नाही. त्यामुळे खडक क्वार्ट्झचा की डोलोमाइटचा, हा प्रश्न इथे पडत नाही. घनतेच्या लॉगची ती ०.०६ ची धास्ती इथे नाही, आणि सहा टक्क्यांच्या खडकात ही छोटी सवलत नव्हे. वायूच्या साठ्यात मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. वायूत हायड्रोजन विरळ असल्याने एनएमआरची सच्छिद्रता कमी आणि घनतेची जास्त येते. दोन्ही एकत्र वाचली की ही विसंगतीच वायूची खूण ठरते. चीनमधील ओर्डोस खोऱ्यातील सुलिगेसारख्या घट्ट वायुक्षेत्रांना ही जोडी विशेष उपयोगी. त्यावर पुस्तकात स्वतंत्र प्रकरण आहे.

पण या लॉगची खरी कमाई उंचीत नाही, ती एको किती वेगाने विरतात यात आहे. हा काळ म्हणजे टी-टू. छिद्राच्या भिंतीला धडकलेला प्रोटॉन आपली लय गमावतो. छिद्र जितके लहान, तितक्या धडका अधिक आणि टी-टू तितका कमी. वालुकाश्मासाठी भिंतीची ही लय मोडण्याची क्षमता सेकंदाला पाच मायक्रॉन धरली आणि छिद्र गोल मानले, तर एक मायक्रॉन त्रिज्येच्या छिद्रात टी-टू सुमारे ६७ मिलिसेकंद येतो, ५० नॅनोमीटरमध्ये ३.३ आणि पाच नॅनोमीटरमध्ये ०.३३. आता एकोंमधले अंतर पाहा. सुरुवातीच्या एका पिढीच्या उपकरणांत ते १.२ मिलिसेकंद होते. पाच नॅनोमीटरच्या छिद्रातला संदेश पहिला एको येईपर्यंतच तीन टक्क्यांच्या आत आलेला असे. नंतरच्या उपकरणांत हे अंतर ०.२ मिलिसेकंदांवर आले. तरी पहिल्या एकोला निम्म्याहून किंचित जास्त आणि तिसऱ्याला सहाव्या हिश्शाइतकाच संदेश उरतो. म्हणजे अशा छिद्रांबद्दल जे काही सांगायचे ते उपकरण दोन-तीन शब्दांत सांगते. घट्ट खडकाच्या आलेखात डाव्या टोकाचा भाग इतका संशयास्पद का, याचे उत्तर या गणितात आहे.

हलणारे आणि अडकलेले द्रव वेगळे कसे करायचे? भरलेल्या मातीच्या माठात पोटातले पाणी पेल्यात येते, भिंतीत मुरलेले येत नाही; पाणी दोन्हीकडे आहे. खडकात मोठ्या छिद्रांतला द्रव पोटातल्या पाण्यासारखा आणि चिकणमातीला व सूक्ष्म छिद्रांना धरून बसलेला द्रव भिंतीतल्या पाण्यासारखा. टी-टूच्या आलेखावर एक उभी रेषा मारायची. तिच्या उजवीकडचे हलणारे, डावीकडचे अडकलेले. वालुकाश्मासाठी ही रेषा ३३ मिलिसेकंदांवर आणि चुनखडकासाठी ९२ वर मारण्याची प्रथा पडली. चुनखडक म्हटल्यावर मराठी वाचकाला १९७४ मध्ये सापडलेले मुंबई हाय आठवेल. ते क्षेत्र घट्ट नाही, पण त्याचा चुनखडक हेच सुचवतो की रेषा खडकागणिक सरकते. ३३ हा आकडा तर सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेला असतो. तो न बदलता पुढे जाणारे अहवाल कमी नसावेत. आळस कुठल्याही शाखेत फोफावतो, पण आधीच भरलेल्या आकड्याच्या आडोशाने त्याला शास्त्राचा पोशाख मिळतो.

हा ३३ आला कुठून? प्रयोगशाळेत कोअरचा, म्हणजे विहिरीतून काढलेल्या खडकाच्या नमुन्याचा तुकडा पाण्याने पूर्ण भरून त्याचा टी-टू मोजतात, मग तो सेंट्रिफ्यूजमध्ये गरगर फिरवून काही पाणी बाहेर काढतात आणि पुन्हा मोजतात. उरलेले पाणी ज्या टी-टूच्या डावीकडे मावते, ती रेषा. सेंट्रिफ्यूजने किती दाब लावायचा हे प्रयोगकर्ता ठरवतो, आणि रूढ निवड १०० पीएसआयच्या आसपासची. साध्या वालुकाश्माला ती पुरेशी असते. आता हिशेब करा. हवा आणि पाणी यांच्या सीमेवरचा पृष्ठताण ०.०७२ न्यूटन प्रति मीटर आहे, तेव्हा १०० पीएसआयला ज्या छिद्रगळ्यांची त्रिज्या सुमारे ०.२ मायक्रॉनपेक्षा जास्त, म्हणजे व्यास ०.४ मायक्रॉनपेक्षा जास्त, तेवढेच रिकामे होतात. नेल्सन यांच्या आकड्यांकडे परत वळा. घट्ट वालुकाश्मात गळे दोन मायक्रॉनपासून थेट ०.०३ पर्यंत पसरलेले. म्हणजे या दाबाने त्या पल्ल्यातल्या वरच्या टोकाच्या गळ्यांपुरतेच पाणी निघेल आणि बाकीचे ‘अडकलेले’ म्हणून नोंदले जाईल. भूगर्भात, तेल तयार होताना निर्माण झालेल्या दाबाने जर याहून अरुंद गळ्यांतून तेल आत शिरले असेल, तर तेच तेल आपण कागदावर अडकलेल्या पाण्याच्या खात्यात जमा करतो. उलट बाजूने, दाब भरमसाट वाढवला तर उत्पादनात कधीच न येणारे पाणीही हलणारे ठरते. मग योग्य दाब कोणता? जो त्या साठ्याच्या इतिहासाशी आणि विहिरीत प्रत्यक्ष लावल्या जाणाऱ्या दाबफरकाशी जुळेल तो. म्हणून ३३ हा खडकाचा स्थिरांक नाही. तो एका प्रयोगाच्या दाबाचा, एका जातीच्या खडकाच्या पृष्ठभागाचा आणि थोडा सवयीचा मिळून झालेला आकडा आहे. घट्ट खडकात सेंट्रिफ्यूजच्या दाबाची पायरी चढवत जाऊन, पाऱ्याच्या अंतःक्षेपणाने मोजलेल्या गळ्यांशी ताडून पाहिल्यावर रेषा बहुतेकदा ३३ च्या बरीच डावीकडे सरकते. किती, ते खडक सांगतो.

यावर पहिला आक्षेप असा येतो की रेषा अशी दर खडकाला सरकत असेल तर रेषा मारण्याची कल्पनाच चुकीची आहे. या आक्षेपात तथ्य आहे, आणि त्याची सर्वांत कठीण बाजू ओलेपणाशी जोडलेली आहे. छिद्राच्या भिंतीला पाणी चिकटलेले असेल तर तेल मधोमध राहते, भिंतीला शिवतच नाही आणि स्वतःच्या विष्यंदितेप्रमाणे, म्हणजे हलके असेल तर शेकडो मिलिसेकंद घेऊन विरते. आलेखावर उजवीकडे उंच शिखर दिसते आणि उतावळा वाचक म्हणतो, मोठी छिद्रे! छिद्रे लहानच असतात. शिखर तेलाचे असते. बाक्केनच्या कोअरवरील अभ्यासांत मात्र खडक तेलाला धरणारा किंवा मिश्र आढळला आहे. अशा ठिकाणी तेल भिंतीला शिवते, झपाट्याने विरते आणि रेषेच्या डावीकडे, अडकलेल्या पाण्याच्या जागेत जाऊन बसते. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा एकच संदेश चिकणमातीतल्या पाण्याचाही असू शकतो आणि उत्तम विक्रीयोग्य तेलाचाही. एका अक्षावर मारलेली रेषा या दोघांना कधीही वेगळे करू शकत नाही. पण यावरून लॉग निरुपयोगी ठरत नाही. एक अक्ष अपुरा आहे, एवढेच ठरते. टी-वन, म्हणजे प्रोटॉन चुंबकाच्या दिशेत यायला लागणारा काळ, टी-टूसोबत मोजला तर दोन्हींचे गुणोत्तर कामी येते. लहान छिद्रांतल्या पाण्यासाठी ते एक-दोनच्या जवळ राहते, सेंद्रिय छिद्रांतल्या तेलासाठी वाढते आणि घट्ट बिट्युमेनसाठी आणखी वाढते. नव्या उपकरणांनी हे दुहेरी मापन विहिरीत शक्य केले आहे. गुणोत्तराचे आकडे तापमान आणि वारंवारता बदलली की सरकतात, म्हणून तेही कोअरवर ताडावे लागतात. कोअरचा खर्च टाळता येईल अशी आशा बाळगणाऱ्याला या पुस्तकात दिलासा मिळणार नाही.

दुसरा आक्षेप गणितज्ञांचा आहे, आणि त्याचे वजन पुष्कळदा कमी लेखले जाते. विरत जाणाऱ्या एकोंच्या एका वक्ररेषेतून शेकडो टी-टूंची वाटणी शोधणे हा असा प्रश्न आहे की गोंगाट जरासा बदलला तरी उत्तर भलतेच बदलते. म्हणून गणनेत गुळगुळीतपणाची अट घालावी लागते, आणि ती अट किती कडक ठेवायची हे माणूस ठरवतो. २५ टक्के सच्छिद्रतेच्या खडकात संदेश बुलंद असतो. ६ टक्क्यांत तो चौथाईवर येतो, गोंगाट मात्र जवळपास तेवढाच राहतो. गोंगाट निम्मा करायचा तर मापने चौपट घ्यावी लागतात. म्हणजे केबल हळू ओढायची, किंवा जागेवर थांबून मोजायचे, किंवा शेजारच्या फुटांची सरासरी घेऊन पातळ थर पुसून टाकायचे. या तिन्हींत काहीतरी गमवावेच लागते. माझ्या मते घट्ट खडकात निवडक खोलींवर थांबून मोजणे हाच प्रामाणिक मार्ग, भले रिगचा तासाचा दर डोळ्यांत पाणी आणो. आलेखातल्या डाव्या टोकाच्या प्रत्येक उंचवट्याला छिद्रांचा एक वेगळा कुटुंबकबिला मानण्याआधी त्या उंचवट्याची गोंगाटाशी सोयरीक तपासावी.

तिसरा आक्षेप उपकरणाच्या नजरेचा: ते खडकात फार तर अडीच ते दहा सेंटिमीटर आत पाहते. तेवढ्या पट्ट्यात मडमधले पाणी शिरलेले असते, आणि कमी सच्छिद्रतेच्या खडकात मडचा लेप सावकाश बसत असल्याने ते अपेक्षेहून खोल शिरू शकते. मग दिसते ते साठ्यातले तेल की आपणच ओतलेले पाणी? उत्तर अर्धे आहे. मडमधला द्रव हलणाऱ्याला ढकलतो, अडकलेल्याला सहसा नाही. म्हणून अडकलेल्या द्रवाचे आकारमान या पट्ट्यातही टिकून राहते, आणि आपल्याला मुख्यतः तेच हवे आहे. एकूण तेलाचा आकडा मात्र या पट्ट्यावरून देऊ नये. तो खोलवर वाचणाऱ्या रोधकतेसोबत बसूनच द्यावा.

चौथा आक्षेप व्यवहारातला. नॉर्थ डकोटात आणि टेक्सासमध्ये हजारो आडव्या विहिरी जवळजवळ काहीही लॉग न काढता खोदल्या गेल्या: खोदा, ठरावीक अंतरावर फोडा, सरासरी बरी येते. शिवाय खडक फोडल्यावर जे पूर्वी हलत नव्हते ते हलू लागते, मग रेषेला अर्थ काय राहिला? दुसरा भाग आधी घेतो. खडक फोडल्याने द्रवाला विहिरीपर्यंत कापावे लागणारे अंतर कमी होते आणि नवा पृष्ठभाग उघडा पडतो, पण भेगांपासून दूर राहिलेल्या नॅनोमीटर छिद्रातली केशाकर्षणाची पकड तीच राहते. इतके फोडूनही बाक्केनमधून मूळ तेलाचा दहावा हिस्साही बाहेर येत नाही, हे त्या पकडीचेच माप आहे. पहिल्या भागाबद्दल, सरासरीवर चालणारा धंदा तेलाची किंमत चढी असेपर्यंत आणि जमीन अफाट असेपर्यंत चालतो. एका उभ्या विहिरीत कोअर आणि दुहेरी एनएमआर लॉग घेऊन आडवी विहीर नेमक्या कोणत्या पातळीत न्यायची हे ठरवण्याचा खर्च, चुकीच्या पातळीत दीड-दोन मैल आडवे खोदण्याच्या खर्चापुढे किरकोळ आहे.

पार्यतेच्या सूत्रांबद्दल थोडक्यात. टिमूर-कोट्सचे सूत्र असो वा श्लुम्बर्जे-डॉलचे, दोन्हींत सच्छिद्रतेचा चौथा घात असतो. सच्छिद्रता ६ ऐवजी ७ टक्के वाचली गेली तर उत्तर जवळपास दुप्पट होते. त्याहून मूलभूत अडचण अशी की टी-टू छिद्राच्या पोटाबद्दल बोलतो, आणि प्रवाह छिद्राच्या गळ्यावर अवलंबून असतो. मोकळ्या वालुकाश्मात पोट आणि गळा यांचे प्रमाण साधारण ठरलेले असते, म्हणून सूत्र चालते. सिमेंटीकरणाने गळे आवळलेल्या खडकात ते प्रमाण मोडते, आणि सूत्र दहापट, शंभरपटही चुकू शकते. ही सूत्रे क्रम लावायला वापरावीत: हा थर त्या थरापेक्षा बरा, एवढ्यापुरती. निरपेक्ष आकड्यासाठी त्यांच्यावर विसंबू नये.

भारतात हा विषय परदेशी वाङ्मयात रमण्यापुरता उरलेला नाही. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक भाग आपण आयात करतो, आणि देशातल्या जुन्या खोऱ्यांत सोप्या जागा बऱ्याच वापरून झाल्या आहेत. राहिलेल्यांत घट्ट खडकांचा वाटा मोठा आहे: खंबातच्या खोऱ्यातले गाळमिश्रित थर, कृष्णा-गोदावरी खोऱ्यातले खोल वालुकाश्म, बारमेरच्या रागेश्वरी क्षेत्रातले ज्वालामुखीजन्य खडक. ओएनजीसीची लॉगिंगचा अभ्यास करणारी संस्था वडोदऱ्याला आहे, उत्पादनतंत्राची पनवेलला. त्यामुळे या दोन टोकांच्या मधला प्रश्न, म्हणजे लॉगवर हलणारे म्हणून नोंदलेले तेल उत्पादनात खरोखर आले का, या दोन शहरांमध्येच सोडवता येण्याजोगा आहे. पण भारतीय खडकांत रेषेआधी आणखी एक प्रश्न येतो, तो लोहाचा. चीनच्या ओर्डोस खोऱ्यात यानचांग थरांच्या वालुकाश्मांतील कणांवर क्लोराइटचे लेप आढळतात. क्लोराइटमध्ये लोह असते, लोहाने छिद्राच्या आतच लहान-लहान चुंबकीय उतार तयार होतात आणि टी-टू छिद्राचा आकार न बदलताही घटतो. आपल्याकडे हा प्रश्न क्लोराइटच्या लेपापुरता राहत नाही. दक्षिण खंबात खोऱ्यातील पादरा क्षेत्रात तेल थेट भेगाळलेल्या, झिजलेल्या दख्खन ट्रॅपमधून निघते, म्हणजे सह्याद्री ज्याचा बनला आहे त्याच लोहसमृद्ध बेसाल्टमधून. तिथे टी-टूच्या आलेखाचा डावा भाग फुगलेला दिसला तर त्यात छिद्रांचा वाटा किती आणि मॅग्नेटाइटचा किती, हे ३३ किंवा ९२ यांपैकी कोणतीही रेषा सांगू शकत नाही. बेसाल्टच्या कोअरचा टी-टू एकोंमधले अंतर पायरीपायरीने बदलून मोजावा लागतो. अंतर वाढवताच टी-टू घसरत गेला तर दोष लोहाचा, जागचा हलला नाही तर छिद्रे खरोखरच तेवढी बारीक असण्याची शक्यता अधिक. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण याच मापनाबद्दल आहे, आणि ज्यांना भारतीय खडकांवर काम करायचे आहे त्यांनी वाचायला तिथून सुरुवात केली तरी हरकत नाही.